रेल्वे फाटकाचं नियंत्रण-सॉफ्टवेअर: फॉर्मल पद्धतीनं नियम मांडण्यापासून तारा तपासण्यापर्यंत

सिग्नल, फाटकं, धरणांचे दरवाजे, कालव्यांवरचे उचलपूल यांचं नियंत्रण आता बऱ्याच ठिकाणी पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) किंवा संगणकावर चालतं. चूक झाली तर माणसं मरतात, म्हणून हे सॉफ्टवेअर ‘भरपूर टेस्टिंग केलं’ एवढ्यावर सोडता येत नाही. फॉर्मल पद्धतीत सुरक्षेचा नियम गणिती भाषेत लिहायचा, यंत्रणेचं मॉडेल करायचं आणि शक्य असलेल्या प्रत्येक अवस्थेत तो नियम टिकतो का हे सॉफ्टवेअरकडून तपासून घ्यायचं. या लेखात एकच उदाहरण घेऊन हे काम पायरीपायरीनं करू: एकेरी मार्गावरचं, गेटमन असलेलं, सिग्नलशी इंटरलॉक केलेलं (म्हणजे फाटक बंद असल्याशिवाय सिग्नल मिळणार नाही असं जोडलेलं) रेल्वे फाटक.

आधी टेस्टिंग का पुरत नाही ते पाहू. आपल्या फाटकाला 12 इनपुट आहेत आणि प्रत्येक एक तर चालू, नाही तर बंद. एका क्षणाला 4,096 प्रकार होतात. चूक मात्र सहसा एका क्षणात नसते, क्रमात असते. कंट्रोलर इनपुट पुन्हा पुन्हा वाचतो, अशा एका फेरीला स्कॅन म्हणतात. सलग 5 स्कॅनचे सगळे क्रम मोजले तर 2 चा 60 वा घात, म्हणजे साधारण 1.15 गुणिले 10 चा 18 वा घात. सेकंदाला हजार चाचण्या केल्या तरी साडेतीन कोटींहून जास्त वर्षं लागतील. मॉडेल चेकर, म्हणजे ही तपासणी करणारं सॉफ्टवेअर, हे क्रम एकेक करून चालवत नाही. तो अवस्थांचे संच एकत्र हाताळतो, त्यामुळे एवढ्या आकाराचं फाटक साध्या लॅपटॉपवर तपासून होतं.

पायरी 1: नकाशा आणि मोजमापं पक्की करा

रुळाचे तीन पट्टे धरा. पश्चिम पट्टा 1,500 मीटर, मधला फाटक पट्टा साधारण 370 मीटर, पूर्व पट्टा 1,500 मीटर. प्रत्येक पट्ट्याला ट्रॅक सर्किट (पट्ट्यात गाडी आहे का ते ओळखणारी विजेची जोडणी). फाटक पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक गेट सिग्नल, फाटकापासून 180 मीटरवर. त्याच्या 1,000 मीटर आधी डिस्टंट सिग्नल, म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा. रस्त्यावर दोन बूम (रस्ता अडवणारे दांडे), प्रत्येकाला मोटर आणि लॉक.

रेल्वेच्या बोलीत सिग्नल ‘ऑन’ म्हणजे लाल आणि ‘ऑफ’ म्हणजे जायची परवानगी. सॉफ्टवेअरवाल्यांच्या डोक्यात हे नेमकं उलटं असतं. म्हणून मॉडेलमध्ये ‘चालू/बंद’ असे शब्द वापरू नका, ‘लाल’ आणि ‘परवानगी’ असेच लिहा. नावांच्या गोंधळातून आलेली चूक मॉडेल चेकर पकडतो, पण ती चूक नियमातही तशीच उतरली असेल तर कोणीच पकडत नाही.

इनपुट असे: तीन पट्टे, दोन्ही बूमचे ‘खाली आणि लॉक’ व ‘वर’ असे चार संपर्क, गेटमनच्या पॅनेलवरची ‘बंद करा’, ‘उघडा’, ‘पश्चिम सिग्नल द्या’, ‘पूर्व सिग्नल द्या’ आणि ‘सिग्नल रद्द’ ही पाच बटणं. एकूण 12. आउटपुट: दोन सिग्नल, बूम वर, बूम खाली, लॉक सोडा, रस्त्यावरचा लाल दिवा आणि घंटी.

आता प्रत्येक इनपुटपुढे एक रकाना काढा: ‘तार तुटली तर काय दिसेल?’ ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून वीज वाहते आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) उचललेला असतो. गाडीच्या चाकांनी दोन रूळ जोडले की रिलेची वीज तुटते, तो पडतो आणि पट्टा व्यापलेला दिसतो. तार तुटली तरी रिले पडतोच, म्हणजे बिघाड सुरक्षित बाजूला जातो. बूमचा संपर्कही तसाच हवा: संपर्क जुळला तरच ‘खाली आणि लॉक’. ट्रॅक सर्किटऐवजी अॅक्सल काउंटर (पट्ट्यात आत-बाहेर गेलेले आस मोजणारं यंत्र) असेल तर त्याचं रीसेट बटण हाही एक इनपुट धरा. गाडी आत असताना कोणी ते दाबलं तर पट्टा मोकळा दिसू लागतो, आणि ही गोष्ट मॉडेलमध्ये नसेल तर सिद्धतेतही नसते.

पायरी 2: नियम लिहा

पहिल्यांदा साध्या मराठीत, मग तर्काच्या भाषेत. उदाहरणार्थ:

नेहमी ( पश्चिम_सिग्नल = परवानगी किंवा पूर्व_सिग्नल = परवानगी → डावा_बूम_लॉक आणि उजवा_बूम_लॉक )

हा नियम 1. बाकीचे:

नियम 2: फाटक पट्ट्यावर गाडी असताना लॉक सोडण्याचा हुकूम कधीही जात नाही.

नियम 3: दोन्ही सिग्नल एकाच वेळी परवानगी दाखवत नाहीत.

नियम 4: दिलेला सिग्नल रद्द केला आणि गाडी अलीकडच्या पट्ट्यात असेल, तर सिग्नल लाल झाल्यापासून 120 सेकंद होईपर्यंत लॉक सुटत नाही.

नियम 5: बूमचा लॉक-संपर्क तुटला किंवा ‘वर’ आणि ‘खाली’ दोन्ही संपर्क एकदम जुळले, तर पुढच्याच स्कॅनमध्ये दोन्ही सिग्नल लाल, आणि रीसेट होईपर्यंत लालच.

नियम 6: गाडी पार झाली, बिघाड नाही आणि गेटमननं ‘उघडा’ दाबलं, तर 60 सेकंदांत फाटक उघडतं.

नियम 6 वगळायचा मोह होतो, कारण तो सोयीचा वाटतो. वगळू नका. विनाकारण बंद राहणाऱ्या फाटकाखालून लोक सायकल आडवी करून काढतात, बूम उचलून दुचाकी घालतात. शिवाय नियम 1 ते 5 पूर्ण पाळणारा सगळ्यात सोपा कंट्रोलर म्हणजे कायम बंद राहणारा कंट्रोलर.

नियम 2 मध्ये ‘गाडी असताना’ म्हटलंय, ‘पट्टा व्यापलेला दिसत असताना’ म्हटलेलं नाही. हा फरक जपा. मॉडेलमध्ये दोन वेगळी चलं ठेवा: ‘गाडी_खरोखर_फाटकात’ आणि ‘फाटक_पट्टा_दाखवतो’. कंट्रोलरला फक्त दुसरं वाचायची मुभा, नियम मात्र पहिल्याबद्दल. दोन्ही एकच धरली तर तुम्ही सेन्सर कधीच चुकत नाही असं न बोलता गृहीत धरलेलं असतं.

पायरी 3: जगाचं मॉडेल करा, आणि त्याला वाईट वागू द्या

सिद्धतेची किंमत इथे ठरते. कंट्रोलर कितीही नीट लिहा. मॉडेलमधली गाडी नेहमी वेळेवर येत असेल, गेटमन नेहमी योग्य बटण दाबत असेल आणि बूम नेहमी 10 सेकंदांत खाली येत असेल, तर मिळालेलं ‘नियम खरा आहे’ हे उत्तर कागदापुरतंच राहतं.

गाडी: कुठल्याही बाजूनं येऊ शकते, कुठेही थांबू शकते, मागे येऊ शकते. 600 मीटरची मालगाडी एकाच वेळी तिन्ही पट्टे व्यापते, एकटं इंजिन एकच पट्टा व्यापतं. दोन्ही घाला.

गेटमन: कोणतंही बटण, कुठल्याही क्रमानं, दोन बटणं एकदमही. तो नियम पाळतो असं धरू नका. रात्री तीन वाजता, पावसात, समोर अॅम्ब्युलन्स हॉर्न वाजवत असताना तो काय दाबेल हे आपण ठरवू शकत नाही.

बूम: हुकूम मिळाल्यावर कितीही वेळानं हलतो, मध्येच अडकतो, ट्रकच्या धडकेनं लॉकमधून निसटतो.

ट्रॅक सर्किट: रूळ गंजलेले आणि इंजिन हलकं असेल तर चाकं आणि रूळ यांचा संपर्क क्षणभर सुटतो आणि व्यापलेला पट्टा मोकळा दिसतो. असं चमकणं मॉडेलमध्ये हवंच.

काही गृहीतकं घ्यावीच लागतात. ‘लोको पायलट लाल सिग्नल ओलांडत नाही’ हे त्यातलं सर्वांत मोठं. प्रत्येक गृहीतक वेगळ्या नावानं लिहा, म्हणजे ते एकेक बंद करून काय मोडतं ते पाहता येईल. अहवालात नियमांच्या शेजारी गृहीतकांचीही यादी द्या, कारण रेल्वेच्या माणसाला तीच आधी वाचायची असते.

पायरी 4: कंट्रोलरचं मॉडेल

अवस्था थोड्याच ठेवा: उघडे, बंद होतेय, बंद आणि लॉक, सिग्नल दिला, गाडी आत, रद्द-प्रतीक्षा, बिघाड. पीएलसी कसा चालतो ते मॉडेलमध्ये जसंच्या तसं आणा: सगळे इनपुट एकदम वाचायचे, वरून खाली लॉजिक चालवायचं, शेवटी आउटपुट लिहायचे. आपण 50 मिलिसेकंदांचा स्कॅन धरू. मॉडेलची एक पायरी म्हणजे एक स्कॅन.

साधनांबद्दल थोडक्यात. अशा चालू-बंद लॉजिकसाठी न्यूएसएमव्ही किंवा न्यूएक्सएमव्ही सोपं पडतं. दोन-तीन संगणक एकमेकांना संदेश पाठवत असतील तर स्पिन किंवा टीएलए प्लस. सेकंदांचा हिशेब महत्त्वाचा असेल तिथे उपाल. आपल्याला पहिलं आणि शेवटचं, अशी दोन लागतील.

पायरी 5: चालवा आणि प्रत्युदाहरण वाचा

नियम मोडत असेल तर मॉडेल चेकर तो मोडण्यापर्यंतचा अवस्थांचा पूर्ण क्रम देतो. यालाच प्रत्युदाहरण म्हणतात, आणि सगळ्या पद्धतीत हाताला लागणारी सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

पहिली चूक बहुधा नियम 1 वर येते. गेटमन ‘उघडा’ आणि ‘पश्चिम सिग्नल द्या’ एकाच स्कॅनमध्ये दाबतो. लॉजिकमधली वरची ओळ म्हणते: दोन्ही बूम लॉक आहेत, सिग्नल द्या. खालची ओळ म्हणते: सिग्नल नाही, लॉक सोडा. खालची ओळ सिग्नलची मागच्या स्कॅनमधली किंमत वाचत असेल तर दोन्ही हुकूम एकदम जातात. 50 मिलिसेकंदांनी चूक दुरुस्त होते, पण तोवर लॉक सुटलेला असतो आणि हिरवा दिवा एकदा लागून गेलेला असतो. टेबलावरच्या चाचणीत हे सापडत नाही, कारण दोन बटणं नेमकी एका स्कॅनमध्ये दाबायचं कोणाच्या मनात येत नाही. उपाय सोपा आहे: सिग्नल आणि लॉक सोडणं या दोन्ही गोष्टी एकाच अवस्था-चलावरून ठरवा, म्हणजे त्या एकमेकींना वगळतातच.

दुसरी चूक जास्त खोल आहे. ‘गाडी गेली’ हे कसं ओळखायचं? पहिल्या आराखड्यात बहुतेक जण लिहितात: फाटक पट्टा व्यापला आणि मग मोकळा झाला, की गाडी गेली. नियम 2 तपासायला दिला की असं प्रत्युदाहरण येतं:

1. बूम खाली आणि लॉक. पश्चिम सिग्नल परवानगी.
2. एकटं इंजिन पश्चिम पट्ट्यात. पट्टा व्यापलेला दिसतो.
3. इंजिन फाटक पट्ट्यात. सिग्नल आपोआप लाल. अवस्था ‘गाडी आत’.
4. फाटक पट्टा एका स्कॅनपुरता मोकळा दिसतो. इंजिन जागेवरच आहे.
5. कंट्रोलर: गाडी गेली. अवस्था ‘बंद आणि लॉक’.
6. गेटमननं ‘उघडा’ दाबून ठेवलेलंच आहे. लॉक सुटतो, बूम वर जातात. इंजिन फाटकावर.

चौथी पायरी पाहून ‘असं होत नाही’ म्हणावंसं वाटतं. होतं. सुट्टीनंतर पहिली गाडी, पावसानं चढलेला गंज, हलकं वाहन, एवढं पुरतं.

दुरुस्ती दोन टप्प्यांत. आधी क्रम मागा: पश्चिम व्यापला, फाटक व्यापला, पूर्व व्यापला, आणि पूर्व व्यापलेला असतानाच फाटक मोकळा झाला, तरच गाडी पार. पुन्हा चालवा. नवं प्रत्युदाहरण येतं: लांब गाडीचं तोंड पूर्व पट्ट्यात आहे, शेवटचे डबे फाटकावर आहेत, आणि फाटक पट्टा चमकतो. म्हणून दुसरा टप्पा: फाटक पट्टा सलग 5 सेकंद मोकळा दिसायला हवा. आता नियम 2 टिकतो, पण ‘चमकणं 5 सेकंदांपेक्षा कमी टिकतं’ या गृहीतकावर. ते यादीत लिहा. ज्या मार्गावर दिवसाला एखादीच गाडी जाते आणि रूळ कायम गंजलेले असतात तिथे हे गृहीतक खोटं ठरतं. तिथे फाटक पट्ट्याला ट्रॅक सर्किटच्या जोडीला अॅक्सल काउंटर द्या आणि दोन्ही मोकळे असतील तरच मोकळं माना.

तिसरं प्रत्युदाहरण हमखास येतं: गाडी पार झाली, फाटक उघडलं, आणि पूर्व पट्ट्यात थांबलेली गाडी मागे आली. यावर कोडमध्ये उत्तर शोधू नका. दोनच पर्याय आहेत. एक, पूर्व पट्टाही मोकळा होईपर्यंत फाटक बंद ठेवायचं, आणि रस्ता जास्त वेळ अडेल हे मान्य करायचं. दोन, पूर्व सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी मागे आणायची नाही हा परिचालनाचा नियम आहे असं लिहून घ्यायचं. निवड रेल्वेच्या परिचालन विभागानं करायची आणि सही करायची. प्रोग्रामरनं गुपचूप एक पर्याय निवडून टाकणं ही या कामातली सर्वांत धोकादायक सवय.

पायरी 6: सेकंद आणि मीटर एकत्र तपासा

नियम 4 मधले 120 सेकंद पुरतात का? ताशी 110 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 30.6 मीटर वेगाची प्रवासी गाडी 0.6 मीटर प्रति सेकंद वर्ग मंदनानं 51 सेकंदांत, साधारण 780 मीटरवर थांबते. प्रतिक्रियेचे 5 सेकंद धरले तर 56 सेकंद आणि 930 मीटर. ताशी 75 ची मालगाडी 0.3 मंदनानं प्रतिक्रियेसह 74 सेकंद आणि 830 मीटर घेते. दोन्ही अंतरं 1,500 मीटरच्या पट्ट्यात बसतात. वेळेचंही तसंच: सिग्नल लाल झालेला दिसल्यावर गाडी एक तर अलीकडे थांबलेली असेल किंवा 120 सेकंदांच्या आत फाटक पट्ट्यात शिरून तो व्यापेल, आणि मग लॉक सुटणारच नाही.

इथे समाधान मानू नका. धुकं घाला. डिस्टंट सिग्नल हिरवा पाहून गाडी पुढे गेली, त्याच क्षणी गेटमननं सिग्नल रद्द केला आणि गेट सिग्नल फक्त 50 मीटरवरून दिसतो. वेगवान गाडी 120 सेकंदांच्या आतच फाटक पट्ट्यात शिरते, तिथे लॉक धरून ठेवलेला आहे. धोका संथ गाडीचा आहे. 1,000 मीटर जायला 120 सेकंद लागतात तो वेग सेकंदाला 8.33 मीटर, म्हणजे ताशी 30. त्याहून जराशी संथ मालगाडी सिग्नलपाशी पोचते तेव्हा वेळ संपून लॉक सुटलेला असू शकतो. तिला थांबायला 0.3 मंदनानं 116 मीटर, प्रतिक्रियेचे 42 मीटर. त्यातून दिसलेले 50 वजा करा. ती लाल सिग्नलच्या पुढे साधारण 107 मीटर जाते. फाटक 180 मीटरवर आहे, म्हणून वाचतो.

म्हणजे 120 सेकंद एकटे पुरत नाहीत. 180 मीटर आणि 120 सेकंद मिळून पुरतात. जागा नाही म्हणून कोणी सिग्नल 100 मीटरवर आणला, तर कोडची एक ओळही न बदलता यंत्रणा असुरक्षित होते. फाटकाकडे 67 ला 1 असा उतार असेल तर गुरुत्वाकर्षणानं 0.3 मधलं जवळजवळ 0.15 मंदन खाऊन टाकलं जातं, आणि तीच गाडी 220 मीटरच्या पुढे जाते. अशा ठिकाणी रद्द करण्याची वेळ वाढवा. उपालमध्ये वेग, मंदन, दृश्यता आणि उतार यांना ठरावीक आकडे न देता पल्ले द्या. कुठल्या मिश्रणाला नियम मोडतो ते साधन शोधून देईल. कवच (गाडी आपोआप रोखणारी भारतीय रेल्वेची सुरक्षा-यंत्रणा) बसवलेल्या मार्गावर सिग्नल इंजिनातच दिसतो आणि ब्रेक आपोआप लागतो, त्यामुळे 50 मीटर दृश्यतेची ही अट बरीच सैल होते. पण कवच नसलेलं इंजिन त्या मार्गावर येणार नाही हे मग नवं गृहीतक ठरतं.

एक बारीक गोष्ट: 120 सेकंद मोजायला सुरुवात बटण दाबल्यापासून करायची नाही. सिग्नलच्या रिलेनं लाल झाल्याचा संपर्क परत दिला, तिथून करायची. रिले चिकटला असेल तर बटण दाबल्यावरही सिग्नल हिरवाच असतो. हा परतीचा संपर्क म्हणजे प्रत्येक सिग्नलमागे आणखी एक इनपुट, एकूण 14. वरचा हिशेब 12 वर केला होता. मॉडेल असंच वाढत जातं.

पायरी 7: सगळं हिरवं आलं की संशय घ्या

सगळे नियम पहिल्याच फटक्यात खरे निघाले तर बहुतेक वेळा मॉडेल गोठलेलं असतं. दोन गृहीतकं एकमेकांच्या विरोधात असली की गाडी कधी येतच नाही, आणि मग प्रत्येक नियम आपोआप खरा. म्हणून उलटे प्रश्न विचारा: ‘गाडी कधीच फाटकावर येत नाही’, ‘पूर्व सिग्नल कधीच मिळत नाही’, ‘बिघाड अवस्था कधीच येत नाही’. ही विधानं खोटी ठरायलाच हवीत, आणि मिळालेला क्रम खऱ्या गाडीसारखा दिसायला हवा. तो क्रम रेल्वेच्या माणसाबरोबर बसून वाचा.

मग कंट्रोलरमधली एकेक अट मुद्दाम काढा आणि पुन्हा चालवा. प्रत्येक अट काढल्यावर कुठला तरी नियम मोडायलाच हवा. एखादी अट काढूनही काही मोडत नसेल तर ती अट तरी फालतू आहे किंवा तुमच्या यादीत एक नियम कमी आहे. अनुभवानं सांगायचं तर दुसरी शक्यता जास्त वेळा खरी निघते.

पायरी 8: मॉडेलवरून कोड

मॉडेल सिद्ध झालं आणि कोड दुसऱ्यानं हातानं वेगळा लिहिला तर मेहनत वाया. एक तर मॉडेलमधून स्ट्रक्चर्ड टेक्स्ट (पीएलसीची एक प्रोग्रामिंग भाषा) आपोआप तयार करा, नाही तर लिहिलेला कोडच मॉडेल चेकरच्या भाषेत उलटा आणून तपासा. कोडमध्ये सिद्ध झालेल्या लॉजिकबाहेर काही नको: लॉगिंग, स्क्रीन, एसएमएस हे सगळं वेगळ्या प्रोसेसरवर, आणि तिथून कंट्रोलरकडे एकही चल लिहिता येऊ नये.

दुसरा मार्ग ‘बी’ नावाच्या फॉर्मल पद्धतीचा आहे: विनिर्देशापासून (काय हवं त्याच्या नेमक्या मांडणीपासून) पायरीपायरीनं कोडपर्यंत उतरायचं आणि प्रत्येक उतरणीची सिद्धता द्यायची. पॅरिस मेट्रोची 14 क्रमांकाची चालकविरहित मार्गिका 1998 मध्ये सुरू झाली. तिच्या सुरक्षेच्या भागासाठी बी भाषेत सुमारे 1,15,000 ओळी, त्यातून एडा या प्रोग्रामिंग भाषेच्या सुमारे 86,000 ओळी, आणि सुमारे 27,800 सिद्धता झाल्या. एका फाटकासाठी हे जड आहे. संपूर्ण स्टेशनचं इंटरलॉकिंग किंवा मेट्रोचं गाडी-नियंत्रण असेल तर विचार करा. रेल्वे सॉफ्टवेअरचं युरोपीय मानक ईएन 50128 (2023 मध्ये त्याच्या जागी ईएन 50716 आलं) सिल 3 आणि सिल 4 या सर्वांत वरच्या सुरक्षा-स्तरांवर फॉर्मल पद्धतींची ठळक शिफारस करत होतं.

वीज गेली आणि आली तर? कंट्रोलर जागा झाला की त्याला फाटकावर गाडी आहे की नाही हे माहीत नसतं. त्यामुळे सुरुवातीची अवस्था ‘उघडे’ नाही, ‘बिघाड’ ठेवा: दोन्ही सिग्नल लाल, बूम आहेत तिथेच, माणसानं पाहून रीसेट करेपर्यंत काही हलणार नाही. मॉडेलमध्ये ‘कुठल्याही क्षणी वीज जाते’ ही घटना घाला आणि सगळे नियम पुन्हा तपासा. सगळ्यात जास्त राहून जाणारी तपासणी हीच आहे.

पायरी 9: कोडवरून तारांपर्यंत

2 जून 2023 ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण पॉइंट (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ) लूप लाइनकडे, म्हणजे बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली आणि 290 हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या तारांच्या जोडणीतल्या बदलांमधल्या चुकांचं. त्यातलं एक काम 94 क्रमांकाच्या फाटकावर विजेवर चालणारं लिफ्टिंग बॅरिअर बदलण्याचं होतं. लॉजिक जे पाहत होतं ते आणि जमिनीवर जे होतं ते, यांत फरक पडला होता. अशी चूक कुठल्याही मॉडेल चेकरला दिसत नाही, कारण मॉडेलमध्ये ‘पॉइंट मुख्य मार्गाला आहे’ हे चल खरंच त्या पॉइंटला जोडलंय असं धरलेलं असतं.

म्हणून जागेवर प्रत्येक इनपुट टोकापासून टोकापर्यंत तपासा. डावा बूम हातानं लॉकमधून काढा. कंट्रोलरमध्ये डाव्याच बूमचं चल बदललं पाहिजे, उजव्याचं नाही. फाटक पट्ट्यात शंट (दोन रूळ जोडणारी तार) लावून रूळ जोडा. फाटकाचाच पट्टा व्यापलेला दिसला पाहिजे. प्रत्येक रिले, प्रत्येक संपर्क, प्रत्येक टर्मिनल. एक माणूस जागेवर, दुसरा पॅनेलपाशी, फोन चालू, आणि नोंद दोघांच्या सहीनं. त्यानंतर पायरी 5 मधली प्रत्युदाहरणं बाहेर काढा आणि तेच क्रम खऱ्या यंत्रणेवर चालवा, शंट एक सेकंद उचलून चमकण्याची नक्कल करण्यासह. ही तुमची सर्वांत चांगली स्वीकृती-चाचणी आहे, कारण मूळ आराखडा याच क्रमांवर पडला होता.

तात्पुरती दुरुस्ती, एक बूम बदलणं, एखादी जोडतार हलवणं: यातलं काहीही झालं तरी ज्या टर्मिनलला हात लागला त्यावरच्या प्रत्येक चलाची ही तपासणी पुन्हा, आणि ती पुरी होईपर्यंत फाटक इंटरलॉकिंगबाहेर. दोन्ही सिग्नल लाल, गाड्या थांबून, लेखी परवानगीनं.

हीच रीत धरणाच्या दरवाजांना

जायकवाडीसारख्या 27 दरवाजांच्या धरणात नियम बदलतात, सांगाडा तोच राहतो. ‘ठरल्यापेक्षा जास्त दरवाजे एकाच वेळी हलत नाहीत’, ‘भोंगा वाजल्याशिवाय विसर्ग वाढत नाही’ हे नियम 1 सारखेच लिहिता येतात. वेगळं एवढंच की पाण्याची पातळी ही संख्या आहे. तिचे पाच-सहा टप्पे करा, आणि टप्प्याच्या सीमेवर सेन्सर पुढेमागे नाचतो हे मॉडेलमध्ये घाला, नाही तर दरवाजा मिनिटाला दहा वेळा उघडझाप करणारा कंट्रोलर सिद्ध होऊन बाहेर पडेल. 27 दरवाजे एकदम मॉडेल करू नका, अवस्था आवाक्याबाहेर जातात. एक दरवाजा पूर्ण सिद्ध करा, त्याच्या वागणुकीचा सारांश तीन-चार अवस्थांत लिहा, आणि तोच सारांश 27 वेळा वापरून वरचा समन्वयक तपासा. सारांश मूळ दरवाजापेक्षा जास्त मोकळा असावा, जास्त शहाणा नाही: खरा दरवाजा जे जे करू शकतो ते सगळं सारांशालाही करता आलं पाहिजे.